मौनाची वेळ

सुभद्रा मॅडमचं चातुर्मासातलं एक व्रत होतं. रोज पाचला कॉलेज सुटलं की दिवेलागणीपर्यंत मौन, रविवारीही तीच वेळ. लिहून सांगायचं नाही, खुणाही करायच्या नाहीत. अकरा वर्षांत एकदाही मोडलं नव्हतं. मुलांना त्याची कल्पना नव्हती. अमरावतीच्या एका ज्युनियर कॉलेजात त्या अकरावीला इंग्रजी शिकवत.

त्या श्रावणात धडा होता जुन्या अमेरिकी विचारवंतांचा. माणसाच्या आत देवाचा अंश आहे, झाडापानांत एकटं बसलं की त्याचा आवाज येतो, आणि आला की जगाची भीड धरायची नाही, असं सांगणारी ती माणसं. मॅडमना तो धडा पोथीसारखाच वाटे. त्यांनी मुलांना मोबाइल घरी ठेवून अर्धा तास झाडाखाली बसायला सांगितलं. आतला आवाज काय म्हणतो ते वहीत लिहून आणा.

"आवाज तं आला मॅडम," चंदन म्हणाला, "पण तो पोटातला होता. कचोरी मागून राहिला होता."

वर्ग हसला. करिश्मा हसली नाही. नांदगाव खंडेश्वरची ही मुलगी हॉस्टेलात राहायची. तिच्या वहीत तीनच ओळी होत्या : 'मले डॉक्टरकीच्या क्लाससाठी अकोल्याले जायचं नाई. मले तुमच्यासारखं इंग्रजी शिकवायचं हाय. बाबाले कसं सांगू?'

मॅडमनी लाल शाईनं खाली लिहिलं, 'धीट हो, सांग. मी आहे.'

चौथ्या दिवशी तिचे बाबा, जानराव, आले. कॉलेज सुटलं होतं. ऑफिसातून करिश्माचा कॉलेज सोडल्याचा दाखला, टीसी, घेऊन ते निघाले, तेव्हा फाटकाशी मॅडम भेटल्या.

"बाबा, मॅडमले विचारा," करिश्मानं वही छातीशी धरली होती. "त्या सांगतीन."

जानरावांनी हात जोडले. "बोला मॅडम. मी अडाणी माणूस. पोरगी म्हणते अकोल्याले नाई जात. तुमी म्हणसान तं टीसी आत्ताच वापस करतो."

एका शब्दाचं काम होतं. तो ओठांपर्यंत आला. ऊन अजून कडुलिंबाच्या शेंड्यावर होतं. अकरा वर्षं, मॅडमच्या मनात आलं. करिश्मा त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

मॅडमनी मान खाली घातली.

"समजलं," जानराव म्हणाले. "न बोलणं म्हणजे होकारच. चाल वं पोरी, तुया मॅडमलेबी पटलं."

देवापुढं दिवा लावल्याबरोबर मॅडमनी फोन केला.

"आता तं मूर्तिजापूर आलं मॅडम, अर्ध्याच्या वर वाट झाली," जानराव हसले. "तवाच बोलाचं होतं नं."

त्या रात्री मॅडमना जप साधला नाही. मणी ओढले, एवढंच.

पुढच्या रविवारी त्या अकोल्याला गेल्या. क्लासच्या अभ्यासिकेत मुली रांगेनं माना खाली घालून बसल्या होत्या. करिश्मा दाराशी आली. आठ दिवसांत डोळे खोल गेले होते.

"चुकलं गं माझं," मॅडम म्हणाल्या. "मी बाबांशी बोलते. आजच बोलते."

करिश्मानं भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. 'येथे बोलू नये.' मग ती वळली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. तिनं मान वर केली नाही.

परतीच्या एसटीत बसल्या तेव्हा पाच वाजून गेले होते.

"कुठं जायचं बाई?" कंडक्टरनं विचारलं.

आज मॅडमना बोलायचं होतं. तोंड उघडलं, पण आवाज फुटेना.

"अमरावतीच नं?"

त्या बघत राहिल्या. तेवढ्यावर त्यानं तिकीट फाडून हातात दिलं आणि तो पुढच्या बाकाकडे गेला.