पाटावरची अंगठी

नकुलला चॅम्पियनशिप रिंगा जमवायचं भारी वेड. जिंकलेल्या टीमच्या खेळाडूंना मिळणाऱ्या त्या जाडजूड अंगठ्या. खंडेनवमीला अमेरिकेतल्या हर्नडन गावच्या घरात त्याने पाट मांडला, लॅपटॉप आणि गाडीच्या किल्लीशेजारी आपल्या चार रिंगा ठेवल्या, हळदकुंकू आणि फुलं वाहिली. एवढ्यावर थांबेल तर तो नकुल कसला! फोटो काढून संग्राहकांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली पत्त्यासकट लिहिलं, ‘उद्या दसरा, कुणीही घरी या.’

तासाभरात उत्तर आलं. ‘आतल्या बाजूला ‘कोल’ हे नाव कोरलेली अंगठी माझी आहे. उद्या येतो.’

ती अंगठी नकुलने जुन्या बाजारात बिनपावतीची घेतली होती. चोरीची असली तर? ग्रीन कार्डचा इंटरव्ह्यू तीन आठवड्यांवर आलेला!

“देऊन टाक ना यार,” त्याची बायको नेत्रा म्हणाली.

“म्हणजे चोरीची होती हे ॲक्सेप्ट केलं ना! पोलिस रिपोर्ट झाला तर आपली केस संपली.”

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. पाटावरची अंगठी उचलून नकुलने खिशात मुठीत धरली. दारात दरवाजाएवढा म्हातारा काठी टेकून उभा होता.

“कालच विकली,” नकुल इंग्रजीत एका दमात म्हणाला.

म्हातारा हळूच म्हणाला, “ठीक आहे. मीसुद्धा विकलीच होती, बायकोच्या आजारपणात. फोटोत अंगठीवर फूल दिसलं. वाटलं, कुणीतरी नीट सांभाळतंय. एकदा बोटात घालून बघायची होती, बस.”

नकुलला खरं सांगायचं होतं, पण भीती होतीच. खोटं बोललो म्हटलं तर हा चिडेल, तक्रार करेल, सगळं पुन्हा तिथेच.

नेत्राने पाटावरचं आपट्याचं सोनेरी कागदी पान उचलून म्हाताऱ्याच्या हातात ठेवलं. “हे सोनं. आज आम्ही देतो.”

त्याने ते जपून शर्टाच्या खिशात ठेवलं, आभार मानले आणि एकेक पायरी उतरत गेला. गाडी सुरू झाली, वळणावरून दिसेनाशीही झाली.

नकुलच्या मुठीत अंगठी रुतत होती. नेत्रा अजून रस्त्याकडे तोंड करून उभी होती. ती वळून बघेल, याचीच आता त्याला भीती वाटत होती.