भावानं दिलेली कालवड

साखरबाईला लेकीच्या शिक्षणाचा मोठा अभिमान होता, पण तो चारचौघांत मिरवण्यापुरता. भांडगावात कुणी विचारलं की ती पदर सावरून सांगायची, "आमची मोनाली जनावरांच्या डॉक्टरीला हाय, तिसऱ्या वर्षाला." घरात मात्र तिचं डोकं उठायचं. पोरगी कॉलेजातनं सुट्टीला आली की बॅगेतनं कपडे कमी आणि बाटल्या, हाडं, खांद्यापर्यंत येणारे प्लास्टिकचे हातमोजे जास्त निघायचे. एकदा तर बैलाच्या पायाचं हाड देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर! परीक्षेला लागतं म्हणे. साखरबाईनं त्या दिवशी घर डोक्यावर घेतलं होतं.

दावणीला काळी-पांढरी कालवड होती, लाडी तिचं नाव. ती साखरबाईच्या धाकट्या भावानं, हौसरावनं दिलेली. त्यांचे वडील वारले, वर्षश्राद्ध उरकलं, आणि थोड्याच दिवसांत हौसराव शिरूरहून पिकअपमधनं कालवड घेऊन दारात उभा राहिला. तिच्या कपाळाला कुंकू, गळ्यात झेंडूची माळ. "आक्का, आबांच्या गोठ्यातली आठवण म्हणून तुला." साखरबाई हमसून हमसून रडली. अख्खी आळी बघायला जमली होती. चहा पिऊन निघताना तो म्हणाला, "ते सात-बाऱ्यावरचं तुझं नाव सवडीनं कमी करू. हक्कसोडीच्या सहीला एकदा यावं लागंल." तिनं लगेच मान हलवली. त्यात काय विचारायचं? बहिणींनी जमिनीवरचा हक्क सोडायचा आणि भावानं माहेरचं दार उघडं ठेवायचं, हे तिच्या आईनं केलं, आत्यानं केलं, तीही करणार होती.

ती सवड आता निघाली होती. सोमवारी शिरूरला रजिस्टर ऑफिसात सही होती आणि मोनाली नेमकी शनिवारी घरी आली.

लाडी तिसऱ्या वर्षाला टेकली होती, तरी अजून एकदाही माजावर आली नव्हती. अंगानं कशी धष्टपुष्ट, पण गाभण राहायचं नाव नाही. साखरबाईचा नवरा जयसिंग म्हणायचा, खुराक कमी पडत असंल. खुराक घालून घालून ती नुसती फुगली. मोनालीनं आल्या आल्या हातमोजा चढवला आणि कोपराच्या वरपर्यंत हात घालून कालवड तपासली. साखरबाईनं तोंड फिरवलं. लग्नाच्या पोरीनं हे असलं करावं आणि समोरच्या ओट्यावरच्या बायांनी ते टक लावून बघावं, नकोच ते.

"आई, हिची गर्भाची पिशवी हाताला लागत नाही गं," मोनाली म्हणाली. "मी शिकाऊ आहे, चुकत असेन. सरांना विचारते."

ती फोनवर बराच वेळ बोलली. मग फोन छातीशी धरून तिनं विचारलं, "सर म्हणतात, ही जुळ्यातली आहे का? हिच्याबरोबर गोऱ्हा झाला होता का?"

"तुझ्या सरला माझ्या माहेरच्या गोठ्याची काय पंचाईत?"

"अगं, गाईच्या पोटात कालवड आणि गोऱ्हा एकत्र वाढले की दोघांचं रक्त एकमेकांत मिसळतं. गोऱ्ह्याचं फारसं बिघडत नाही, कालवडीची पिशवी मात्र नीट तयारच होत नाही. अशा दहांतल्या नऊ कधी गाभण राहत नाहीत. आम्हाला याच वर्षी शिकवलं." मग आईचा चेहरा बघून तिनं घाईनं जोडलं, "मामाला माहीत असेलच असं नाही हां. पुष्कळांना ठाऊक नसतं."

एवढं बोलून पोरगी हात धुवायला गेली. पण साखरबाईच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. भाकरी थापताना तिला आठवलं, हौसा दर आठवड्याला फोन करतो. पाऊस किती झाला विचारतो, जयसिंगच्या गुडघ्याचं विचारतो, अगदी शेजारणीच्या कोंबड्यांचंसुद्धा विचारतो. पण लाडीचं? दिलेल्या जनावराचं माणूस आधी विचारतं, वेतली का, दूध किती देती. ह्यानं एकदा तरी विचारलं का? नाही! आणि गोठ्यात पाडी नावाची एक नि तिच्या जोडीची एक, अशा दुसऱ्या दोन कालवडी असताना ह्याच्या मनात हीच का भरली?

मग तिनं स्वतःलाच झापलं. पाठचा भाऊ तो. कडेवर घेऊन वाढवलेला, तापात रात्ररात्र मांडीवर झोपलेला. तो कशाला फसवेल? फसवलं असलंच तर ते त्याच्या बायकोचं, मायाचं डोकं. माया पहिल्यापासून गोडबोली, "वन्सं, वन्सं" करत मागं-पुढं नाचणारी. असली माणसंच आतनं पोखरतात. कालवड दिली त्या दिवशी माया बरोबर आली नव्हती. डोकं दुखतंय म्हणाली होती. दुखतंय कसलं, तोंड दाखवायची लाज वाटली असणार! सगळं कसं मायावर नीट बसलं आणि साखरबाईला त्या रात्री झोप लागली.

सोमवारी ती एकटीच निघाली. चौफुल्याला गाडी बदलून शिरूरला उतरली आणि तिथनं रिक्षानं घोडनदीच्या काठच्या वस्तीवर गेली. पण भावाच्या दारात न जाता ती आधी शेजारी शिरली, जन्नतबीकडं. जन्नतबी तिची लहानपणीची मैत्रीण. तिला गावातच दिली होती आणि हौसाच्या गोठ्याची नि तिच्या परसाची भिंत एकच होती.

"अगं साखरे! वाट चुकलीस का काय?" जन्नतबीनं हातातलं सूप खाली ठेवलं.

इकडचं तिकडचं झालं, चहा झाला, मग साखरबाईनं हळूच विषय काढला. "आमची लाडी तुझ्या डोळ्यांदेखत झाली असंल न्हाई?"

"झाली म्हंजी? मीच की पुढं! दोन वासरं झाली व्हती. ही एक आन् एक गोऱ्हा. गोऱ्हा लई अशक्त, त्याला मी बाटलीनं दूध पाजायचे. मग हौसानं तो इकला, मला किती वाईट वाटलं."

साखरबाईनं कप खाली ठेवला. "डॉक्टर आला व्हता का तवा?"

"आला व्हता. वासरं बघून हौसाशी काय तरी बोलत व्हता. मी चूल सोडून आले व्हते, लगेच घरात गेले." जन्नतबीनं तिच्याकडं रोखून बघितलं. "का गं?"

"काय न्हाई, सहज."

"तू सहज कवा काय इचारत न्हाईस."

साखरबाई उठली. तिचं डोकं अजून भावाचीच वकिली करत होतं. डॉक्टर दुसरंच काही बोलला असेल. गोऱ्ह्याच्या औषधाचं बोलला असेल. नाहीतर मायाला सांगून गेला असेल आणि तिनं नवऱ्यापासनं लपवलं असेल. कुणीही चालेल, देवा, हौसा नको.

भावाच्या घरी तर पुरणाचा वास सुटला होता. ना सण, ना वार! मायानं पायांवर पाणी घातलं, नवी साडी पुढं ठेवली, "वन्सं, आधी जेवून घ्या, ऑफिसात किती वेळ लागंल काय सांगावं." हौसराव पांढरे कडक कपडे घालून पाटावर बसला होता. साखरबाईला तो अगदी आबांसारखा दिसला.

"साक्षीदार परस्पर येत्यात," तो म्हणाला. "तासाभराचं काम हाय, आक्का. सांजच्या गाडीनं तू घरी."

"एवढी कसली घाई म्हणायची?"

"घाई कसली? एकदा उरकून टाकलं की डोक्याला ताप न्हाई."

ताटात तुपाची धार पडली. विचारावं कसं? सरळ विचारलं तर खरं असो खोटं असो, तो नाहीच म्हणणार आणि मग आयुष्यभर हा किडा डोक्यात वळवळत राहणार. साखरबाईनं पोळीचा तुकडा मोडला आणि काय बोलतोय हे तिचं तिला कळायच्या आत तिच्या तोंडातनं निघून गेलं,

"सांगायचंच राहिलं बघा. लाडी गाभण हाय."

"अगं बाई!" माया पळीसकट उभी राहिली. तिचं सगळं तोंड फुललं होतं. "खरं, वन्सं? कितवा महिना? मी ह्यांना कवाधरनं म्हणतीय, आक्कांना लाडीचं इचारा, लाडीचं इचारा. पहिला खरवस आमच्याकडं धाडायचा बरं का! आन् मला वेताला बोलवा, मागल्या खेपेला डोकेदुखीनं तुमच्याकडं यायचंच राहिलं."

साखरबाईनं तिच्याकडं बघितलं. त्या आनंदात खोट नव्हती. असलं सोंग कुणाला जमत नाही, मायाला तर नाहीच. दोन दिवस ह्या बाईला मी काय काय बोलले मनातल्या मनात, असं वाटून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग नाइलाजानं तिनं मान वळवली.

हौसरावच्या हातातला घास हातातच राहिला होता.

"कशी राहील?" तो म्हणाला.

"कशी म्हंजी? समद्या गाई राहत्यात तशी."

"कुणी सांगितलं तुला?"

"मोनालीनं तपासली. ती शिकतीय की त्यातलं."

"तिला काय कळतंय अजून! पुस्तकातलं शिकणं येगळं. ती राहायचीच न्हाई, आक्का, ती—" आणि तो थांबला.

माया एकदा नवऱ्याकडं बघायची, एकदा नणंदेकडं. "का न्हाई राहायची, ओ?"

"सांग की," साखरबाई म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "बायको इचारतीय. का न्हाई राहायची?"

त्यानं घास ताटात परत ठेवला. मग पुटपुटला, "डॉक्टर म्हणला व्हता, जुळ्यातली हाय, उपेग न्हाई हिचा. पर नक्की कुठं सांगितलं त्यानं? शंभरात धा राहत्यात. म्हणलं, तुझ्या नशिबानं—"

"माझ्या नशिबानं! तुझ्या दावणीच्या चांगल्या दोन ठेवल्यास आन् नशीब तेवढं माझ्याकडं धाडलंस व्हय रं? कुंकू लावून? माळ घालून?" साखरबाईच्या डोळ्यांतनं पाणी घळाघळा वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. "न्हाई गं माया, गाभण न्हाई ती. म्या खोटं बोलले. मला हे तोंड बघायचं व्हतं."

"दुसरी नेतीस का?" हौसराव घाईघाईनं उठला. "आत्ता पिकअप सांगतो. पाडी ने, पहिलारू हाय, आठ दिसांत वेतंल. आक्का, ऐक की. जनावरावरनं कुठं वाकडं धरत्यात का?"

"जनावराचं काय घिऊन बसलास? मी गाय मागितली व्हती का तुला? एक शब्द तरी काढला व्हता?" ती ताटावरनं उठली. "अरं हौसा, मी फुकट सही करणार व्हते. लुगडं नको, गाय नको, काय नको. तू नुसतं 'आक्का ये' म्हणला असतास तरी अंगठा उठवून गेले असते. तू मला फसवायची गरजच नव्हती रं."

माया भिंतीला टेकून तोंडात पदर कोंबून उभी होती. तेवढ्यात हौसरावच्या खिशातला फोन वाजला. त्यानं तो घेतला, ऐकला आणि बहिणीकडं न बघता म्हणाला, "साक्षीदार येऊन बसल्यात ऑफिसात. काय सांगू?"

साखरबाईनं नवी साडी पाटावर परत ठेवली, आपली पिशवी उचलली आणि पायात चपला सरकवल्या.

"त्यांना चहा पाज आन् घरी लाव," ती म्हणाली. "माझं नाव हाय तिथंच ऱ्हाऊ दे."