वापरून झालेला कोड

मी एक कोड बोलतोय. म्हणजे कागदाचा एक कपटा आणि त्यावर छापलेली अक्षरांची नि आकड्यांची एक ओळ. सिनेमाच्या डिस्कच्या डबीत तुम्ही मला पाहिलं असेल आणि जाहिरात समजून केरात टाकलं असेल. बहुतेक जण तेच करतात. मला राग नाही. माझं तोंडच तसं आहे.

खरं तर माझ्यात आख्खा सिनेमा असतो. साइटवर जाऊन माझी ओळ टाकली की सिनेमा तुमच्या खात्यात जमा होतो. मग डिस्क नको, डबी नको, कुठेही बसून बघा. पण मी एकदाच चालतो. एकदा वापरलं की मी नुसता कागद. त्यात अंगावर शेवटची तारीखही छापून पाठवतात, म्हणजे जन्माला घालतानाच कपाळावर मरणाचा दिवस लिहायचा. माणसं आपल्या पोरांना असं करत नाहीत, हे त्यांचं नशीब.

माझा सिनेमा काही गाजला नव्हता. नेब्रास्कातल्या एका गावात, धान्याच्या कोठारापाशी, गावचीच माणसं उभी करून तो काढला होता. काढणारी कंपनी पुढे बुडाली आणि आमच्या डब्या ओहायोत, ॲक्रनच्या एका मोठ्या दुकानात, उतरत्या भावाच्या टोपलीत येऊन पडल्या. लोक यायचे, डबी उलटीसुलटी करायचे आणि परत टाकायचे. माझ्या अंगावरची तारीख त्या टोपलीतच उलटून गेली.

तिथून मला मर्विन डोलनने उचललं. मर्विन टायरच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, गुडघे गेलेला, एकटा माणूस. राहायचा मोठ्या बहिणीकडे. बहीण म्हणजे लोइस. तिचा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात गेला होता, त्यामुळे दोन माणसांचं जेवणही ती पन्नास पोरांच्या आवाजात वाढायची.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून मर्विन डब्या फोडायचा. आतले कोड एका बाजूला, डिस्क दुसऱ्या बाजूला. डिस्क कोपऱ्यावरच्या जुन्या मालाच्या दुकानात जायच्या आणि आम्ही कोड इंटरनेटवरच्या एका अड्ड्यावर विकले जायचो. तिथली रीत सोपी होती. विकणाऱ्याने सिनेमाचं नाव टाकायचं, जो पहिल्यांदा 'माझा' असं लिहील त्याचा कोड. जिच्या पोटाशी मी इतकी वर्षं होतो, ती डिस्क पहिल्याच दिवशी गेली. निरोपही घेता आला नाही.

"पुन्हा आणलेस कपटे?" लोइस म्हणाली. "घर आहे का रद्दीचं दुकान?"

"अगं, कपटे नाहीत ते. सिनेमे आहेत."

"मग दाखव की एखादा! सिनेमे लोकांना विकतोस आणि आपण संध्याकाळभर बघतो काय, तर हवामान!"

मर्विन हसला आणि त्याने मला अड्ड्यावर मांडलं. खाली प्रामाणिकपणे लिहिलं, 'तारीख गेलेली आहे. चालेल की नाही, सांगता येत नाही.' या धंद्यात तारखेचं काही खरं नसतं. काही कोड तारीख गेल्यावरही ठणठणीत असतात, काही तरुणपणीच मरतात.

माझ्यासाठी 'माझा' असं कुणी लिहिलं नाही. आला तो एक लांबलचक निरोप. मर्विनने तो लोइसला मोठ्याने वाचून दाखवला. लिहिणारी बाई नेब्रास्काची, नाव हॅरिएट व्होगेल.

"माझे यजमान क्लेटन या सिनेमात आहेत. ते धान्याच्या वजनकाट्यावर कामाला होते, सिनेमावाल्यांनी त्यांना तिथेच उभं केलं. गाडीतल्या मुलीला ते म्हणतात, 'काच वर घे पोरी, गारा येणार आहेत.' बस, एवढंच. मागच्या वसंतात ते गेले. फोटो पुष्कळ आहेत, पण त्यांचा आवाज माझ्याकडे दुसरा कुठेच नाही. आमची डिस्क तळघरात पाणी शिरलं तेव्हा खराब झाली. सिनेमा आता कुठे विकतही मिळत नाही. तुमचा कोड मला मिळेल का?"

लोइस बटाटे सोलत होती. तिचा हात थांबला.

"तिच्याकडून पैसे घेऊ नकोस."

"घेतले तर तू मला जेवायला घालशील का?"

"नाही घालणार."

आता पुढे झालं ते ऐका. मर्विन जर थोडा कमी चांगला माणूस असता तर ते झालंच नसतं. त्याने मला तसंच पाठवून दिलं असतं आणि हॅरिएटबाईने त्याच दिवशी आपला नवरा पाहिला असता. पण मर्विनला वाटलं, मेलेला कोड पाठवला तर? त्या बिचारीने आशेने ओळ टाकायची आणि समोर लाल अक्षरात 'चालत नाही' असं यायचं, म्हणजे क्लेटन तिच्यासाठी दुसऱ्यांदा गेला. त्यापेक्षा आपणच आधी बघावं.

कोड विकणारी जुनी माणसं हे नेहमी करतात. मर्विन त्याला नाडी बघणं म्हणायचा. साइटवर कोडची ओळ टाकायची. कोड जिवंत असला की सिनेमाचं नाव येतं आणि साइट विचारते, 'खात्यात घ्यायचा का?' तिथे थांबायचं, मागे फिरायचं. कोड शाबूत राहतो आणि आपल्याला कळतं की त्यात जीव आहे. मर्विनने शेकडो वेळा असं केलं होतं.

त्याने चष्मा पुसला, माझी ओळ टाकली, बटण दाबलं. पण साइटवाल्यांनी मधेच कधीतरी ती विचारण्याची पायरीच काढून टाकली होती. समोर एकदम आलं, 'अभिनंदन! सिनेमा तुमच्या खात्यात जमा झाला आहे.'

मी त्या क्षणी संपलो. खरं सांगतो, मला काही दुखलं नाही. पण मर्विनच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

"लोइस," तो म्हणाला, "मी वापरला तो."

"काय वापरलास?"

"तिचा कोड. बघायला गेलो आणि वापरून बसलो. चांगला जिवंत होता गं."

त्याने कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, एकदा वापरलेला कोड परत देता येत नाही, आपला दिवस आनंदात जावो. अड्ड्यावर विचारलं. एका भल्या माणसाकडे याच सिनेमाचा कोड निघाला, पण तो खरोखरच मेलेला. दुखऱ्या गुडघ्यांनी मर्विन जुन्या मालाच्या दुकानात डिस्क परत आणायला गेला, तर तीही कुणी नेलेली. शेवटी त्याने हॅरिएटबाईचा नंबर मागून घेतला आणि फोन केला. लोइस त्याच्या खुर्चीमागे उभी होती.

त्याने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मग हॅरिएटबाईचा बारीक, कोरडा आवाज आला.

"म्हणजे क्लेटन आता तुमच्या घरी आहे म्हणायचा."

मर्विनला रडूच आलं. फोन लोइसने घेतला आणि म्हणाली, "बाई, माझा भाऊ गाढव आहे, पण लबाड नाही. तुम्ही त्याचंच खातं वापरा. तो सगळं सांगेल."

कंपनीच्या नियमात ते बसत नव्हतं, पण नियमाची भाषा त्या घरात त्या दिवशी कुणी ऐकून घेतली नसती. आता अडचण एवढीच होती की, परक्या घरातून खातं उघडलं की साइटला संशय यायचा. ती खात्याच्या मालकाच्या, म्हणजे मर्विनच्या, फोनवर एक आकडा पाठवायची आणि तो आकडा टाकल्याशिवाय दार उघडायचं नाही. उघडलेलं दारही चार दिवसांत आपोआप बंद व्हायचं.

म्हणून त्यांनी रविवार ठरवला. चर्चहून आल्यावर हॅरिएटबाई तिकडे बटण दाबायच्या, इकडे मर्विनच्या फोनवर आकडा यायचा, की तो लगेच त्यांना फोन करून सांगायचा. मला त्याने फ्रिजच्या दारावर लोहचुंबकाखाली लावून ठेवलं होतं. का, ते त्यालाच माहीत. शिक्षा म्हणून असेल. तिथून मला इकडची बाजू ऐकू यायची.

"मिळाला का? उघडलं? मग बसा तुम्ही क्लेटनपाशी. मी ठेवतो."

पण ठेवायचा नाही. गारांवरून वाऱ्याचं निघायचं, वाऱ्यावरून गुडघ्यांचं, गुडघ्यांवरून कारखान्याच्या जुन्या दिवसांचं. हळूहळू मर्विन रविवारी दाढी करायला लागला.

"फोनवर दाढी दिसत नाही रे," लोइस म्हणायची.

"मला दिसते ना."

एका रविवारी इकडे मर्विन आणि लोइसनेही माझा सिनेमा लावला. क्लेटन आला, उन्हाने रापलेला, टोपी मागे सरकवलेला. त्याने गाडीच्या टपावर थाप मारली आणि आपलं एक वाक्य बोलून गेला. लोइस म्हणाली, "साधाच दिसतो की." मग नाक पुसत उठली आणि चहा ठेवला. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, मी अंगावर काय वागवत होतो.

मर्विन थंडीत गेला. रात्रीतून बर्फ पडला होता. सकाळी लोइस नको नको म्हणत असताना तो फावडं घेऊन अंगणात गेला. वाट अर्धी मोकळी झाली आणि तो तिथेच बसला. लोइस धावत गेली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

पुढचे दिवस घर माणसांनी भरलं. शेजारणींनी भांडी भरभरून जेवण आणलं, लोइसने त्यातलं काही खाल्लं नाही. मर्विनचा फोन ओट्यावर तसाच चार्जिंगच्या तारेला लावलेला होता. तो बंद करायला तिचा हात होत नव्हता. सगळी निघून गेली आणि रविवार आला. दुपारी ओट्यावरचा फोन थरथरला. लोइसने पाहिलं, एक आकडा. तिने फोन पालथा घातला. थोड्या वेळाने पुन्हा आकडा आला. मग फोन वाजायलाच लागला.

मी फ्रिजच्या दारावरून ओरडायचा प्रयत्न केला. पण कागदाचं ओरडणं कोण ऐकतो.

शेवटी तिने उचलला.

"मर्विन? आकडा आला नाही का हो?"

"मी लोइस बोलते." तिचा आवाज त्या दिवशी दोन माणसांनाही पुरला नसता. "मर्विन गेला, हॅरिएटबाई. मंगळवारी. मला तुम्हाला कळवायला हवं होतं. मला कुणाचंच काही सुचलं नाही."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"अरे देवा. आणि मी आकडा मागत बसले."

"थांबा, आहे इथे. वाचते मी."

"नको, नको. आज राहू दे. क्लेटन कुठे पळून जात नाही. तुम्ही काही खाल्लंत का?"

हे तिला त्या आठवड्यात सगळ्यांनी विचारलं होतं. सगळ्यांना तिने 'हो' म्हणून सांगितलं होतं.

"नाही," ती म्हणाली, आणि खुर्चीत बसली. "हॅरिएटबाई, तुमच्याजवळ एक वाक्य तरी आहे. साठ वर्षं आम्ही भांडलो, आणि माझ्याजवळ त्याचं एकही नाही. रोज घरात होता ना. कुणाला वाटतं ठेवावं म्हणून? काल मी त्याचा आवाज आठवायला गेले, तर मला माझाच आठवला."

पलीकडे हॅरिएटबाईंची काठी वाजली.

"फोन ठेवू नका," त्या म्हणाल्या. "मला काठी घेऊन चालायला वेळ लागतो. पलीकडच्या खोलीत बटण दाबून फोनपाशी येईपर्यंत बरेचदा उशीर व्हायचा, मग माझं निरोप टिपून ठेवणारं जुनं यंत्रच फोन उचलायचं आणि मर्विन त्यालाच आकडा सांगून ठेवायचे. मी पुसलेलं नाही. मला पुसायला येत नाही. ऐका हं."

खट्ट असा आवाज झाला. फोन ओट्यावर होता, मोठ्याने लावलेला, म्हणून मलाही ऐकू आलं.

"हॅरिएटबाई, मी मर्विन. धावत येऊ नका, पडाल. आकडा सांगतो. चार, शून्य, नऊ, नऊ, दोन, सात. पुन्हा सांगतो, चार, शून्य, नऊ, नऊ, दोन, सात. आणि काय… आज लोइसने आंबट कोबीचे वडे केलेत. करपवलेत. पण मी दुसऱ्यांदा मागून घेणार आहे, नाहीतर ती रुसेल. बरं, ठेवतो."

लोइसने दोन्ही हात ओट्यावर टेकले.

"करपले नव्हते रे," ती म्हणाली. "खरपूस होते."

मग ती रडली. पहिल्यांदाच, मोठ्याने, पन्नास पोरांच्या आवाजात.

"पुन्हा लावाल का?" तिने विचारलं.

त्यांनी पुन्हा लावलं.

तर वाचकहो, मी अजून फ्रिजच्या दारावर आहे. शाई फिकी झाली आहे, एक कोपरा ओला होऊन वाळला आहे. रविवारी आता आकडा लोइस वाचून दाखवते. मर्विनचा फोन तिने बंद केलेला नाही. तो बंद झाला की क्लेटन पुन्हा एकदा जाईल, आणि नेब्रास्कातलं ते जुनं यंत्र बिघडलं की मर्विन, हे त्या दोघींनाही ठाऊक आहे. त्या ते बोलत नाहीत. मलाही त्यात काही करता येत नाही. माझं होतं ते मी देऊन बसलो, तेही चुकीच्या दारात.

मला केरात टाकलंत तरी माझी तक्रार नाही. एवढंच मागतो. तुमच्या घरात आत्ता कुणीतरी कसल्यातरी करपण्यावरून कुरकुरत असेल. त्याला दटावू नका. बोलू द्या, आणि जमलं तर धरून ठेवा. माझ्यासारखा कोड तुम्हाला कुणी विकणार नाही. तो आवाज कुठल्याच टोपलीत मिळत नाही.