तहाचं टेबल

आमचे हे सुतार. हातात कसब भरपूर, व्यवहार शून्य. मी तोंडावर म्हणते, म्हणून तुम्हालाही सांगते. देश चालवणाऱ्या मोठ्या साहेबांच्या बंगल्यातून तहाच्या बोलण्यांसाठी टेबल करायचं काम आलं, तेव्हा ह्यांना आभाळ ठेंगणं झालं. आमचा थोरला सीमेवर. टेबल लवकर झालं की बोलणी लवकर, बोलणी झाली की पोरगा घरी, असा ह्यांचा साधा विचार. मीही खुळी, पॉलिशला हात लावायला बसले.

पहिलं लांबट केलं. परत आलं. म्हणे, समोरासमोर बसलं की शत्रू बरोबरीचा दिसतो. मग गोल केलं. तेही परत, कारण गोलाला मानाची जागा नाही. ह्यांना वाटलं, खोट आपल्याच कामात आहे. रंधा मारून मारून माणूस अर्धा झाला.

तिसऱ्याला नाक मुरडायला मोठ्या साहेबांचा सेक्रेटरी स्वतः आला, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. चहापाणी राहिलं बाजूला, सरळ विचारलं, लढाई थांबली तर तुमच्या साहेबांचं काय बिघडतं?

त्याने दार लोटून घेतलं. "वहिनी, लढाई आहे म्हणून निवडणूक नाही. भाव का वाढले विचारलं की माणूस गद्दार ठरतो. थांबली तर हीच माणसं साहेबांच्या दारात उभी राहतील. आणि साहेबांचा मुलगा कुठे सीमेवर आहे?"

मी ह्यांना म्हटलं, आता तरी हत्यारं खाली ठेवा. ऐकतील तर शपथ! उलट ह्यांनी डोकं चालवलं. चौथ्याच्या आराखड्यावर मोठ्या साहेबांचीच सही मागून घेतली आणि सूतभरही इकडचं तिकडे न करता टेबल उतरवलं. नाही म्हणायला जागाच ठेवली नाही. टेबल पास झालं. हे लहान मुलासारखे हसले, आणि मला मेलीला रडू आलं.

पुढच्या आठवड्यात टीव्हीवर दिसलं. मधोमध आमचं टेबल, एका बाजूला साहेब, दुसरी बाजू रिकामी. साहेब म्हणाले, आम्ही कधीचे बसलोय, शत्रूलाच शांतता नको. बोलावणं कुणाला गेलंच नव्हतं, हे सेक्रेटरीने नंतर सांगितलं. त्याच भाषणात नवी चढाई जाहीर झाली. त्या चढाईत आमचा थोरला गेला.

शेजारी भेटायला आले. धीर धरा, धीर धरा म्हणून झालं. शेवटी एकजण म्हणाला, टेबल मात्र झकास दिसत होतं.

"हो," हे म्हणाले. "माझ्याच हातचं."