वहिनीची चौथी जर्मन गाडी

माझी वहिनी कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर माप घेऊन पाठवतात आणि वहिनी तिच्या तीन टेबलांच्या लॅबमध्ये बसून त्या मापाची बत्तिशी तयार करते. एखादा दात केसाएवढा उंच राहिला तरी माणसाला घास चावता येत नाही, म्हणून तिच्या बोटांना केसाएवढा फरकही कळतो. डोळे मिटून कळतो. त्याच बोटांना दुसरं वेड आहे ते जर्मन गाड्यांचं.

लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा तिच्याबरोबर दोन बॅगा आणि एक जुनी फोक्सवॅगन गोल्फ होती. जनावरांच्या डॉक्टरकडून घेतलेली, त्यामुळे मागच्या सीटला बकरीचा वास. आईने जरा नाक मुरडूनच विचारलं, "एवढ्या पैशात नवी कोरी छोटी गाडी येत नव्हती का गं?"

"येत होती ना, आई. पण तिचं दार लावल्यावर असा आवाज नव्हता येत." असं म्हणून वहिनीने दार लावून दाखवलं; घट्ट, भरीव 'धप्प'. आईने स्वतः दोनदा लावून बघितलं, "हं" म्हणाली आणि तो विषय तिथेच संपला. पुढे आईच शेजारणींना बोलावून दार ऐकवायची.

गोल्फनंतर मर्सिडीजची डिझेल आली, मग लांबलचक डिकीची ऑडी. सगळ्या जुन्या आणि सगळ्या वहिनीने स्वतः पारखून घेतलेल्या. गाड्यांची जाडजूड जर्मन पुस्तकं तिने शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली. आजही तिला जर्मनमध्ये कुणाची खुशाली विचारता येणार नाही, पण अमुक बोल्ट किती ताकदीने आवळायचा ते अस्खलित वाचता येतं. दादा, म्हणजे माझा भाऊ, सायकलवरून ऑफिसला जाणारा माणूस. बायकोच्या गाड्या तो रंगावरून ओळखतो. पण कुणी "वहिनींना कशाला हवं हे बायकांचं काम नसलेलं काम" असं काही बोललं, की हा शांत माणूस म्हणतो, "तुमच्या गाडीतून तो कुईकुई आवाज येतो ना, तो कशाचा आहे ते माहीत आहे तुम्हाला? तिला माहीत आहे. परवा गल्लीतून गेलात तेव्हाच म्हणाली."

एवढं सगळं असूनही वहिनीची एक इच्छा राहिली होती. बीएमडब्ल्यू, एका ओळीत सहा सिलिंडर, हाताने टाकायचे गिअर, आणि पहिल्या मालकाकडेच राहिलेली. अशी गाडी मिळणं म्हणजे एकाच माणसात रूप, अक्कल आणि वेळेवर घरी येण्याची सवय मिळण्यासारखं, असं ती म्हणायची. तेव्हा दादा वर्तमानपत्र जरा वर धरायचा.

आणि अशी गाडी निघाली. आमच्या घरापासून तीस किलोमीटरवर एक निवृत्त इंजिनिअर राहत होते. जन्मभर त्यांनी पूल बांधले होते. चोवीस वर्षांपूर्वी नवी घेतलेली गाडी, चांदीसारखा निळसर रंग. विकायची आहे एवढं कळलं होतं, आणि आणखी एक गोष्ट कळली होती: अकरा गिऱ्हाइकांना म्हाताऱ्याने दारातून परत पाठवलं होतं. एकाने तर फक्त "अ‍ॅव्हरेज काय देते?" एवढंच विचारलं होतं.

दादाला सर्दी झाली म्हणून वहिनीबरोबर मी गेले. मी लायब्ररीत काम करते, गाडीतलं मला शून्य कळतं. वाटेत वहिनीने बजावलं, "ताई, काही झालं तरी गाडीचं कौतुक करायचं नाही. चेहरा असा ठेवायचा, की आपण कोबी घ्यायला आलोय."

पोचलो तर फाटकाशी आणखी एक गाडी उभी. जुन्या गाड्यांचा एक व्यापारी आमच्या आधी येऊन बसला होता. हातात दोन फोन, अंगाला अत्तराचा घमघमाट. इंजिनिअरसाहेब ऐंशीच्या घरातले, ताठ, इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात दोन पेन. त्यांची मुलगी चाळिशीची, बँकेतून सुट्टी घेऊन आलेली. आई तीन वर्षांपूर्वी गेली आणि आता बाबांना डोळ्यांमुळे गाडी चालवायला बंदी झाली, हे तिनेच चहा देताना हळू आवाजात सांगितलं.

इंजिनिअरसाहेबांनी गॅरेजचं शटर वर केलं आणि मी कोबी विसरले. मला गाड्यांतलं कळत नाही, पण सुंदर कशाला म्हणतात ते कळतं. त्या गाडीत कुठेही दिखावा नव्हता. नीट बसवलेल्या शब्दांच्या वाक्यासारखी ती उभी होती.

"किंमत मी सांगितलेली आहे, ती कमी-जास्त होणार नाही," साहेब म्हणाले. "अर्धा तास घ्या. गाडी बघा. मग मला सांगा काय बघितलंत."

व्यापाऱ्याने पाच मिनिटांत उरकलं. "साहेब, एक नंबर! खोट काढायला जागा नाही. सांगितलेल्या किमतीवर वीस टक्के जास्त देतो, आत्ता, रोख."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. ते वहिनीकडे पाहत होते. वहिनीने आधी बॉनेटवर तळहात ठेवला. इंजिन गार होतं, म्हणजे आम्ही यायच्या आधी कुणी ते तापवून ठेवलं नव्हतं. तिने समाधानाने मान हलवली. मग ब्रेकच्या पेडलचं रबर किती झिजलंय ते बघितलं, सीटची कड बघितली, खाली आडवी होऊन टॉर्च मारला. नवी साडी नेसून आली असती तरी तिने हेच केलं असतं. इंजिन चालू केलं तेव्हा ती डोळे मिटून उभी राहिली. तो आवाज म्हणजे गुरगुर नव्हे, खरखर नव्हे. कुणीतरी खालच्या पट्टीत गुणगुणत कामाला लागावं तसा.

शेवटी तिने बोटांच्या टोकांनी गाडीला प्रदक्षिणा घातली. उजवी बाजू, मागची बाजू, डावं मागचं दार, डावं पुढचं दार. पुढच्या डाव्या फेंडरवर, म्हणजे चाकावरच्या पत्र्यावर, तिची बोटं थांबली. मागे गेली. पुन्हा पुढे आली.

मला तिचा चेहरा वाचता येतो. तिला काहीतरी सापडलं होतं.

"काय बघितलंत?" साहेबांनी विचारलं.

वहिनीने सांगितलं. इंजिन निरोगी आहे. पाण्याचा एक रबरी पाइप कडक झालाय, तो उन्हाळ्याआधी बदलायला हवा. मागच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरपैकी एक थकलाय. साहेब प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते, मुलगी हसू लागली होती. गाडी आमचीच झाली होती जवळजवळ. वहिनी तिथेच थांबली असती तर.

"आणि हे पुढचं डावं फेंडर पुन्हा रंगवलेलं आहे," वहिनी म्हणाली.

व्यापाऱ्याने फोन खिशात घातला.

"काय म्हणालात?" साहेबांचा आवाज बदलला. "बाई, ही गाडी चोवीस वर्षं माझ्याकडे आहे. दर रविवारी मी स्वतः धुतो. हिला आजतागायत ओरखडा गेलेला नाही."

"काम फार उत्तम झालंय. पण झालंय."

"तुम्ही किंमत पाडायला बघताय!"

मी वहिनीची ओढणी ओढली. "असेल गं बाई, सोड," मी पुटपुटले. ती हलली नाही. तिचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज चढला नाही.

"किंमत तुम्ही सांगितली तीच देईन. मी जे बघितलं ते सांगा म्हणालात, म्हणून सांगितलं. इकडे या, दाखवते." तिने बॉनेट उघडलं. "उजव्या फेंडरचे बोल्ट बघा. कारखान्यात बोल्ट आवळून मग रंग मारलाय, कडेला रंग अखंड आहे. डावीकडच्या बोल्टांच्या कडेला रंग तुटलाय. म्हणजे ते कधीतरी पान्याने खोलले. आणि हेडलाइटच्या मागे गोल शिक्का आहे, त्यात वर्ष असतं. उजव्यावर गाडीचंच वर्ष. डाव्यावर चार वर्षांनंतरचं."

साहेबांनी चष्मा बदलला. वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. जन्मभर पुलांमधल्या भेगा शोधलेला माणूस. पुराव्याशी भांडायचं नसतं एवढं त्यांना कळत होतं.

"बाबा," मागून मुलगी म्हणाली. तिने हातातला ट्रे खाली ठेवला. "ते मी केलं होतं."

मग सगळं बाहेर आलं. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. साहेब तीन महिने एका नदीवरच्या कामावर गेले होते. तिने गाडी बाहेर काढली आणि परत आत घेताना फाटकाच्या खांबावर घातली. फेंडर चेपलं, दिवा फुटला. ती रडत आईकडे गेली. आईने एक शब्द न बोलता पदर खोचला.

"आई रोज सकाळी रंगाऱ्याच्या दुकानात स्टूल टाकून बसायची. चार दिवस. रंग जुळत नाही म्हणून त्याला तीनदा परत काढायला लावला. तो हात जोडायला लागला होता. आणि तुमच्या नेहमीच्या मेकॅनिकला तिने दम दिला होता, की साहेबांना कळलं तर याद राख."

"म्हणजे तोसुद्धा?" साहेब म्हणाले. "वीस वर्षं?"

"अख्खं गॅरेज, बाबा."

साहेब त्या फेंडरजवळ गेले. तळहात टेकवला आणि वरून खालपर्यंत हळूहळू फिरवला. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांचे खांदे हलायला लागले, आणि मग कळलं की ते हसताहेत. डोळ्यांतून पाणी काढत हसत होते.

"तीनदा रंग काढायला लावला?" त्यांनी विचारलं.

"तीनदा."

"आणि मला घरातल्या भिंतींचा रंग निवडताना म्हणायची, मला काय कळतंय त्यातलं, तुम्हीच बघा." त्यांनी चष्मा पुसला आणि ते आमच्याकडे वळले. "माफ करा. गाडी आज विकत नाही. कुणालाच नाही."

व्यापारी पुटपुटत निघून गेला. मला वहिनीकडे बघवेना. एवढ्या वर्षांची इच्छा, आणि तिने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या बोटांनी ती घालवली होती. पण ती बॉनेट नीट बंद करत होती.

"बरोबर आहे तुमचं," ती साहेबांना म्हणाली. "मीही नसती विकली. पण तो पाइप बदला. नाहीतर मी येऊन बदलते. उभी गाडी लवकर बिघडते."

परतताना मी धुसफुसत होते. "गप्प बसली असतीस तर आत्ता तीच चालवत असतीस!"

"आणि रोज ते फेंडर बघून मला वाटलं असतं, मी बघूनही बोलले नाही," वहिनी म्हणाली. "कवळी देतानाही मी असंच करते, ताई. बसत नसेल तर सांगते. पेशंट चिडतो. पण नंतर जेवतो."

घरी दादाने सगळं ऐकून घेतलं, नाक शिंकरलं आणि म्हणाला, "चांगलं केलंस." मग रात्रीच्या जेवणात त्याने स्वतःच्या ताटातली खिरीची मोठी वाटी तिच्याकडे सरकवली. आमच्या घरात याच्यापेक्षा मोठं सन्मानपत्र नाही.

वहिनीने शब्द पाळला. पंधरा दिवसांनी पाइप घेऊन गेली. मग शॉक अ‍ॅब्सॉर्बर. मग दर महिन्याला एक रविवार ठरूनच गेला. ती गाडीखाली, साहेब खुर्ची टाकून बाहेर, आणि दोघांचा वाद चालू: ही जोडणी अशी का केली असेल, जर्मनांनी इथे एक बोल्ट जास्त का दिला. साहेब पुलांचे दाखले द्यायचे, वहिनी दातांचे. साहेबांची मुलगी मला फोनवर सांगायची, "बाबा शनिवारपासूनच पेन खिशाला लावून बसतात."

दीड वर्ष असं गेलं. मग एका सकाळी साहेबांचा फोन आला, तो दादाने घेतला. "तुमच्या मिसेसना सांगा, विक्रीचे कागद घेऊन या. किंमत पहिल्या दिवशीचीच. अट एकच, ते फेंडर कधी रंगवायचं नाही."

या वेळी आम्ही तिघं गेलो. साहेबांनी टाय लावला होता. कागदांवर सह्या झाल्या. किल्ली देताना त्यांनी ती आधी रुमालाने पुसली. "मला एकदा शेजारी बसवून फिरवून आणाल?" त्यांनी विचारलं. ते असं बोलतील हे मला कधी वाटलं नव्हतं.

मी आणि दादा मागे बसलो. गावाबाहेरचा घाट सुरू झाला. वहिनी गिअर टाकत होती ते कळतही नव्हतं. वळण आलं की आवाज जरा खाली उतरायचा आणि पुन्हा सरळ वर चढायचा. साहेबांचे हात मांडीवर, नजर समोर. मला माहीत होतं, त्यांना धूसरच दिसत होतं. ते ऐकत होते. वर पोचल्यावर दादा माझ्या कानाशी म्हणाला, "ही गाडी रंगावरून नाही ओळखायची. मला आता आवाज कळतो." त्याची छाती फुगली होती, जणू इंजिन त्यानेच जोडलंय.

परत आलो तेव्हा मुलगी फाटकाशी उभी होती. साहेब उतरले, दार लावलं, टाय नीट केला.

"कसं झालं, बाबा?"

"काय सांगू," साहेब म्हणाले. त्यांनी वहिनीकडे बोट दाखवलं. "चोवीस वर्षं मी ही गाडी चालवली. ही बाई माझ्यापेक्षा चांगली चालवते."

वहिनीला कौतुक पेलत नाही. कुणी चांगलं म्हटलं की ती लगेच काहीतरी खोट काढते. त्या दिवशी तिने काढली नाही. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून ती ताठ बसली आणि म्हणाली, "हो. चालवते."