आठ पाकळ्यांची शेपूट

माझी मोटरसायकल बावीस वर्षं माझ्यासारखीच जगली. शंभर सीसीचं इंजिन, आवाज बेताचा, पुढचं चाक सदैव जमिनीवर. त्यामुळे मी निवृत्त झाल्यावर भाचीने ती मागितली तेव्हा मला वाटलं, पोरगी मार्गाला लागली.

"मामा, तू तर आता कुठे जात नाहीस. मला दे ना."

"ने. तुला कुठे जायचंय?"

"कुठेच नाही. जागच्या जागी फिरायचंय."

भाची सव्वीस वर्षांची. मागच्या चाकावर गाडी उभी करून रिंगण घालायचं, हे वेड तिने कुठून घेतलं ते आमच्या घराण्यात कुणालाच ठाऊक नाही. शहरोशहरी खेळ करणाऱ्या एका स्टंट पथकाची चाचणी रविवारी होती. निवड झाली तर तिने खुशाल जावं; नाही झाली तर सोमवारपासून वडिलांच्या दुकानात बसून खिडक्यांची मापं लिहावीत आणि स्टंट हा शब्द पुन्हा काढू नये, असा घरात तह झाला होता. तिचं टेबल भावोजींनी आधीच पुसून ठेवलं होतं.

भावोजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. लोखंडी जाळ्या आणि गेट करतात. तीस वर्षांत त्यांचं एक काम परत आलेलं नाही. काही घरं पडली, पण जाळ्या उभ्या आहेत. प्रत्येक कामावर आठ पाकळ्यांचं लोखंडी फूल बसवल्याशिवाय ते हात धूत नाहीत.

गाडी त्यांच्याच शेडमध्ये उघडली गेली. भाचीने दिवा काढला, आरसे काढले, आणि वर बसता यावं म्हणून टाकी ठोकून खोलगट केली. जिच्यावर मी बावीस वर्षं फडकं फिरवलं तिच्यावर ती हातोडा चालवत होती आणि मला सांगत होती, "मामा, नीट धर रे." मागचा ब्रेक एरवी पायाने दाबतात, तो तिने डाव्या हातालाही जोडून घेतला. मागच्या चाकाला ताटाएवढं दातेरी चक्र बसवलं. त्याने पुढचं चाक चटकन उचललं जातं, मात्र गाडी पंचेचाळीसच्या वर पळत नाही.

हे ऐकून ताई त्या महिन्यात प्रथमच हसली. "म्हणजे एवढी तोडफोड करून हळू जाते?"

"हो, आई."

"मग मामा चालवायचा तशीच आहे की."

मी दुर्लक्ष केलं.

राहिली शेपूट. गाडी उभी करताना तोल मागे गेला तर स्वार पाठीवर आपटतो. म्हणून सीटच्या मागे एक दांडा जोडतात. तो रस्त्याला घासत जातो, ठिणग्या उडतात आणि गाडी उलटायची वाचते. हे काम भाची बाहेरून करून घेणार होती.

"बाहेरून?" भावोजींनी चष्मा काढला. "तुझी पाठ ज्याच्या भरवशावर, ते वेल्डिंग बाहेरचा माणूस करणार?"

"तुमचा विरोध आहे ना, बाबा."

"विरोध तुला आहे. वेल्डिंगला नाही."

ताईने मला स्वयंपाकघरात ओढलं. "कच्चं करतील बघ. मुद्दाम. पोरगी घरात राहावी म्हणून." मलाही तेच वाटलं. आम्ही दोघांनीही त्या माणसाला ओळखलं नव्हतं, आणि ताईचा तर त्यांच्याशी एकोणतीस वर्षांचा संसार.

भाचीच्या चित्रात पाईप बोटाएवढा होता. "हा पाईप आहे की पेनातली रिफिल?" म्हणत भावोजींनी गेटच्या खांबाचा पाईप उचलला. टोकाला, रस्त्याला टेकणार तिथे, जाड लोखंडी प्लेट जोडली.

"प्लेट कशाला, बाबा?"

"जमिनीला टेकणार ना? मग सपाट टेकायला हवं."

गाडी साखळीने उभी टांगून त्यांनी प्लेटला पाणसळ लावली. तिच्यातला बुडबुडा अगदी मधोमध आला तेव्हा कुठे ते जेवायला उठले. शनिवारी फूल बसलं, मग रंग. आणि रंग वाळेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही, हा दुकानाचा नियम मालकाच्या मुलीलाही लागू होता.

रविवारी मैदानावर पथकाचा कॅप्टन मानेला पट्टा लावून बसला होता. त्याला पाहून ताईने माझा दंड धरला तो दुपारपर्यंत सोडला नाही. काम सोपं होतं. गाडी उचलायची, मधोमध ठेवलेल्या ड्रमभोवती एक रिंगण घालायचं, पुढचं चाक खाली आणायचं.

भाचीने गाडी उचलली. शेपूट टेकली. ठिणगी काही उडाली नाही. गाडी बसली. मागचं चाक आणि ती प्लेट यांवर अशी ठाम बसली की भाचीने झोके दिले, हँडलला लोंबकळली, तरी ढिम्म. शेवटी इंजिन बंद करून ती उतरली. गाडी उभीच. टाकीच्या झाकणातून पेट्रोल ठिबकत होतं, बाकी सगळं शांत.

कॅप्टन अंगासकट वळून वळून सगळीकडून पाहून आला. "फूल कुणाचं?"

"बाबांचं."

"गाडी पास. तिला तुझी गरज दिसत नाही. जेवणाच्या सुट्टीनंतर एकदा तुझं बघतो, मग नाही."

भावोजी आपल्या व्हॅनपाशी उभे होते. वाटेत कुणाचं गेट निखळलेलं दिसलं तर असावं म्हणून ते ग्राइंडर, जनरेटर सगळं घेऊनच हिंडतात.

मी ताईसकट जवळ गेलो. "आता नुसतं गप्प राहिलात तरी उद्यापासून ती दुकानात."

"माहीत आहे."

"लोक म्हणतील, बापाने मुद्दाम केलं."

"मुद्दाम करायचं तर वाईट करावं लागतं," भावोजी म्हणाले. "ते मला येत नाही."

त्यांनी शेपटीच्या सांध्यावरून बोट फिरवलं. मग त्यांनी जनरेटर सुरू केला. आपलं काम स्वतः कापताना मी त्यांना प्रथमच पाहत होतो. प्लेट पडली. फूल पडलं, त्याची एक पाकळी ग्राइंडरखाली गेली. जाड पाईप निघाला आणि जागी बारीक पाईप आला, अगदी रिफिलीसारखा.

"पडलीस तर?" त्यांनी वेल्डिंगची काच वर करून विचारलं.

"तर पडेन. तेवढी जागा ठेवा ना, बाबा."

त्यांनी रंग लावला नाही. त्यावरून काय ते समजा.

दुपारी गाडी उठली, शेपूट घासली आणि ठिणग्यांचं पुरं रिंगण पडलं. ताईने डोळे मिटले होते. भावोजी एकटक पाहत होते. "डावीकडे जास्त घासतंय," ते म्हणाले, आणि नाक शिंकरायला व्हॅनमागे गेले. निवड झाली.

दुकानातलं टेबल अजून पुसलेलं आहे. बारीक शेपूट दर खेळाला झिजते, त्यामुळे भावोजी आठवड्याला एक नवी करतात आणि पथक जिथे असेल तिथे स्वतः जाऊन बसवतात. दुसऱ्या कुणाच्या हातावर त्यांचा विश्वास नाही. ज्यांची जाळी घराच्या आधी जात नाही, त्यांचं काम हल्ली आठ दिवस टिकतं, आणि ते त्याचीच तक्रार मोठ्या आनंदाने सांगत असतात.

फूल मी मागून घेतलं. गाडीचा जुना मालक म्हणून तेवढा हक्क होता. ते माझ्या खिडकीच्या जाळीत आहे, सात पाकळ्यांचं. आठवी लावून देतो म्हणतात भावोजी. सवड नाही.