अर्ध्या बॅटरीची परवानगी

दुसऱ्यांदाही मास्तरांना ओढूनच आणावं लागलं.

तलावाच्या मध्यावरून नव्हे, काठापासून जेमतेम दोनशे हातांवरून. तिथे त्यांच्या होडीची मोटर आधी मंदावली, मग गप्प झाली ती झालीच. शेवटी पंपहाऊसवाल्याने आपली बोट काढली, दोर बांधला आणि त्यांना धक्क्याला आणून सोडलं. मास्तर होडीत असे ताठ बसले होते, जणू त्यांनीच पंपहाऊसवाल्याला पुढे घालून आणलं होतं. पण उतरताना त्यांचे कान लाल झाले होते, ते त्यांच्या बायकोच्या, म्हणजे बाईंच्या, नजरेतून सुटलं नाही.

लेक धक्क्यावर उभी होती. ती नर्स. ड्यूटीवरून तशीच गणवेशात धावत आली होती.

"बाबा, हे दुसऱ्यांदा," ती म्हणाली. "दीड तास उन्हात! डॉक्टर काय म्हणाले होते?"

"वल्ही मारू नका म्हणाले. मी मारली का?"

"नाही ना मारता येत, म्हणूनच तर काळजी! उद्या वारा सुटला आणि मोटर बंद पडली, तर काय कराल? शिट्टी वाजवाल?"

"शिट्टी चांगली वाजवतो मी."

"आई, बघ यांच्याकडे. मी आत्ताच सांगून ठेवते. आता तिसऱ्यांदा कुणी ओढून आणलं, तर होडी विकून टाकायची. मग माझ्यावर रुसायचं नाही."

मास्तर वाकून होडीचा दोर खुंटाला गुंडाळू लागले.

हे मास्तर शाळेतले नव्हेत बरं का. शिंप्याला सगळे मास्तर म्हणतात, तसले हे मास्तर. शाळेत एकतीस वर्षं शिकवलं ते बाईंनी. "मुलं मी सांभाळायची आणि मास्तर मात्र तुम्हाला म्हणायचं," असं बाई लग्नापासून ऐकवत आल्या होत्या, आणि "मग तूही एक सदरा शिवून दाखव" हे मास्तरांचं उत्तरही ठरलेलं होतं.

दोन वर्षांपूर्वी मास्तरांना पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, बोलणं परत आलं, पाय चालू लागले. उजवा हात मात्र रुळावर आला नाही. कात्री धरवेना, मग दुकानाला कुलूप लागलं. मास्तर खिडकीपाशी खुर्चीत बसू लागले. विचारलं तर बोलायचे, वाढलं तर जेवायचे. दिवस दिवस खुर्ची आणि ते, ते आणि खुर्ची.

मग लेकीनेच त्यांच्या मासे धरायच्या जुन्या होडीला छोटी विजेची मोटर आणून दिली. होडीच्या मागे अडकवायची, डाव्या हाताने दांडा फिरवायचा, की होडी हळूहळू सरकते. आवाज असा नाहीच, त्यामुळे मासेही बिचकत नाहीत. मास्तर पुन्हा पाण्यावर जाऊ लागले. येताना मासा असो नसो, भूक घेऊन यायचे. जेवताना गोष्टी सांगायचे. होडी गेली तर या माणसाकडे पुन्हा ती खुर्चीच उरणार, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याला हाक मारून दोघांनी बॅटरी चाकांच्या ट्रॉलीवर घातली आणि ती जिथून घेतली होती त्या दुकानात नेली.

दुकान चालवणारी बाईंची जुनी विद्यार्थिनी. वर्गात सगळ्यांत बुटकी, म्हणून तिला सगळे पिटुकली म्हणायचे. आता ती बाईंपेक्षा वीतभर उंच होती आणि कमरेला पट्टा बांधून तीस किलोची बॅटरी एकटी उचलायची. नाव मात्र तेच चिकटलं होतं.

"बाई!" ती उठून उभी राहिली. "बसा बसा. ए, तो खोका पूस आधी, बाई बसताहेत." हे ती स्वतःशीच म्हणाली, कारण दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मग तिनेच खोका पुसला.

तिने झाकणं उघडून आत पाहिलं, नळीने आतलं पाणी शोषून बघितलं, दोन वायरी लावून यंत्रावरचा आकडा वाचला. तिचा चेहरा पडला.

"मास्तरकाका, हिला काय केलंत? चार महिन्यांत हिचं म्हातारपण आलंय."

"का बरं?"

"ही कधी पोटभर जेवलेलीच नाही." पिटुकलीने हात पुसले. "बाई, बारीक तोंडाची बाटली नळाखाली धरली, की कशी भसाभस भरते? पण तोंडाशी आलं, की नळ बारीक करावा लागतो. चार्जर तेच करतो. पहिलं पाऊण काम झटपट होतं. शेवटचं पाव थेंब थेंब. त्याला तेवढाच वेळ लागतो, जास्तच लागतो. ते रोज राहून गेलं, की आतल्या शिशाच्या पत्र्यांवर पांढरा थर धरतो. घट्ट झाला, की मग निघत नाही. चार्जरचा दिवा हिरवा होईपर्यंत ठेवता ना तुम्ही?"

बाई काही बोलणार तोच मास्तर घाईने म्हणाले, "मीच विसरतो गं. मधेच काढतो. वय झालं आता."

बाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. गिऱ्हाइकाची मापं वही न उघडता सांगणारा हा माणूस. आणि हा विसरतो? फेरी मारून आल्यावर हात धुवायच्या आधी तो चार्जर लावायचा. लावल्यावर दोनदा बटण दाबून बघायचा.

हिरवा दिवा! त्या चार्जरचा दिवा हिरवा होतो, हेच बाईंना माहीत नव्हतं. चार महिन्यांत त्यांनी तो एकदाही पाहिला नव्हता.

आणि मग त्यांना आपला स्वतःचा हात आठवला.

एकतीस वर्षं वर्गातून सगळ्यात शेवटी त्याच निघायच्या. पोरं बाहेर पडली, की दाराशेजारच्या बटणांच्या फळीवर हात फिरायचा, डावीकडून उजवीकडे. पंखे, दिवे, सगळी बटणं बंद, मग कडी. शाळा सुटून सहा वर्षं झाली, पण हाताची शाळा काही सुटली नव्हती. रोज अकरा वाजता त्या वाचनालयात मुलांना गोष्टी वाचून दाखवायला जायच्या. निघताना हात फिरायचाच. रात्री झोपण्याआधी पुन्हा एकदा. मागच्या खोलीतल्या फळीवरसुद्धा. चार्जर तिथेच लावलेला असायचा.

तेवढ्यात बाहेर एक टेम्पोवाला हाका मारू लागला. पिटुकली "आले हं" म्हणत त्याच्या गाडीकडे गेली. दुकानात दोघंच उरले.

"अहो," बाई म्हणाल्या, "तुम्हाला माहीत होतं?"

"काय?"

"उगाच 'काय काय' करू नका. बटण मी बंद करते ते."

मास्तरांनी डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं सरळ केली. तो हात त्यांना असा अधूनमधून नीट ठेवावा लागायचा.

"हो," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून. सकाळी लावून झोपलो. उठून बघतो तर बंद. संध्याकाळी लावलं, पहाटे पुन्हा बंद. मग आलं लक्षात."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? म्हटलं, ही घाबरते. माझं पाण्यावर जाणं हिला सोसत नाही. तोंडाने नाही म्हणायचं जिवावर येतं, म्हणून हाताने म्हणते." ते जमिनीकडे बघत होते. "आणि सगळी तरी कुठे रिकामी ठेवत होतीस? अर्धी भरू द्यायचीस. मी म्हटलं, चला, अर्ध्याची तर परवानगी आहे. म्हणून काठाकाठाने राहायचो."

चार महिने हा माणूस काठाकाठाने फिरत होता. लेकीची बोलणी खात होता. आणि मघाशी, पिटुकलीसमोर, स्वतःला विसराळू म्हणवून घेत होता.

"अहो, सवय हो ती! शाळेची सवय. तुमच्याशी काही संबंध नाही तिचा. माझ्या ध्यानीमनीही नव्हतं."

"खरंच?" मास्तरांनी मान वर केली. त्यांचा चेहरा एकदम दहा वर्षांनी लहान दिसला. "म्हणजे तुझी हरकत नाही?"

'नाही' म्हटलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण बाईंनी आयुष्यभर मुलांना एकच गोष्ट सांगितली होती, की उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणा, खोटं लिहू नका.

"हरकत आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे, भीती आहे. तुम्हाला ओढून आणलं ना, दोन्ही वेळा मला बरं वाटलं. तुम्ही जमिनीवर आलात म्हणून. तुमचे कान लाल झालेले बघत होते, आणि मनात म्हणत होते, बरं झालं. मुद्दाम नाही हो केलं. पण केलं असतं तर जे वाटलं असतं, तेच वाटलं."

मास्तरांनी मान खाली घातली. मग त्यांचे खांदे हलू लागले. बाईंना वाटलं रडताहेत की काय. ते हसत होते.

"एवढं मोठं वाक्य तू मला लग्नानंतर पहिल्यांदा बोललीस."

"गप्प बसा."

"बरं मग, होडी विकायची का?"

"मी तसं म्हटलं का? मी भीती आहे म्हटलं. माझी भीती माझ्यापाशी राहील. तुम्ही नवी बॅटरी बघा."

पिटुकली परत आली तेव्हा बाई तिच्या टेबलावरचा पुठ्ठा पुढ्यात ओढून, पेन घेऊन बसल्या होत्या. "हं, सांग," त्या म्हणाल्या. "सगळं पहिल्यापासून सांग. आणि हळू."

पिटुकलीने दोन बॅटऱ्या समोर मांडल्या. एक जुन्यासारखीच, शिशाची. दुसरी जेमतेम निम्म्या वजनाची, लिथियमची.

"दोन्हींवर शंभर लिहिलंय, म्हणजे आत किती वीज मावते ते. पण शिशाच्या बॅटरीतले पन्नासच वापरायचे. त्याखाली रोज गेलात, तर ती खंगते. या दुसऱ्या बॅटरीतले ऐंशी वापरा, नव्वद वापरा."

"आणि मोटर किती पिते?"

"मध्यम वेगाला ताशी वीस."

बाईंनी पुठ्ठ्यावर भागाकार मांडला. "शिशाची अडीच तास. ही चार तास, आणि तरी वीस हाताशी उरतात."

"बाई, अगदी बरोबर!" पिटुकली म्हणाली आणि लगेच जीभ चावली. बाईंनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

"हिचे दोष सांग. दोष नसलेली वस्तू मला दाखवू नकोस."

"दोष आहेत. एक म्हणजे महाग. दुसरा, तुमचा जुना चार्जर हिला चालणार नाही, हिचा वेगळा घ्यावा लागेल. आणि तिसरा मोठा. शिशाची बॅटरी संपत आली, की मोटर मंदावते. आपल्याला कळतं. ही शेवटपर्यंत ताठ चालते आणि मग एकदम बंद. म्हणून किती उरली ते दाखवणारा मीटर लावायचाच. तो न बघता गेलात, तर पुन्हा ओढून आणावं लागेल."

"आणि ही अर्धवट भरली तर?" हे मास्तरांनी विचारलं.

"हिला काही होत नाही. रोज पूर्ण भरायची गरजच नाही. अर्ध्यावर काढली तरी रुसत नाही."

"मग हीच दे," मास्तर म्हणाले. "सहा वर्षांत सवय गेली नाही, ती आता काय जाणार?"

पिटुकलीला काही उमगलं नाही. बाईंनी नवऱ्याकडे एक कटाक्ष टाकला आणि म्हणाल्या, "आधी उचलून बघा." मास्तरांनी डाव्या हाताने पट्टा धरला, दुसरं टोक बाईंनी धरलं. उचलली गेली. दोघांनी ती टेबलाला एक फेरी मारून आणली. वाटेत बाईंचा पाय खोक्याला अडखळला, मास्तर "सावकाश" म्हणाले, पण बॅटरी खाली पडली नाही. लेकीला बोलवायला नको, कुणाला हाका मारायला नकोत, हे दोघांच्याही एकाच वेळी लक्षात आलं.

रविवारी लेक सुट्टी घेऊन धक्क्यावर आली. आईला म्हणाली, "परीक्षा आहे आज बाबांची." आई म्हणाली, "त्यांची एकट्याची नाही."

मास्तर निघाले. या वेळी काठाकाठाने नाही. पंपहाऊस मागे टाकून सरळ मध्याकडे. मोटरचा आवाज येत नव्हता, त्यामुळे होडी कुणीतरी पाण्यावरून अलगद सरकवल्यासारखी लांब जात होती. आधी मास्तरांची टोपी दिसत होती, मग टोपी कुठली आणि होडी कुठली ते कळेना. बाईंचे तळहात भिजले. लेकीने ते पाहिलं.

"घाबरलीस?"

"हो."

"मग जाऊ कशाला दिलंस?"

"आत्ता बोलू नकोस माझ्याशी," बाई म्हणाल्या. "मला बघू दे."

तासाभराने टोपी पुन्हा टोपीसारखी दिसू लागली. होडी आपली आपण आली, कुणाच्या दोराशिवाय. धक्क्याला लावताना डाव्या हाताचा अंदाज चुकला आणि ती ठणकन आपटली. लेकीने "बाबा!" केलं. बाईंनी गुडघ्यावर बसून होडीची कड घट्ट धरली. मास्तर मीटरकडे बोट दाखवत होते.

"सत्त्याहत्तर! सत्त्याहत्तर टक्के उरली! आणि मध्यावर काय थंड हवा आहे गं. तिथून आपलं घर काडेपेटीएवढं दिसतं." ते धापा टाकत होते, पण त्या दमल्याच्या नव्हत्या. मग त्यांनी समोरच्या फळीवरची पिशवी उचलून मागे ठेवली. जागा रिकामी झाली. "येतेस?"

बाईंनी त्या जागेकडे पाहिलं. खालून पाणी हलत होतं.

"आज नाही," त्या म्हणाल्या.

"बरं." मास्तरांना वाईट वाटलेलं दिसलं नाही. ते उतरण्यासाठी हात पुढे करू लागले.

"उतरता कुठे?" बाई म्हणाल्या. "सत्त्याहत्तर उरली आहे ना? पन्नास झाली, की परत फिरा." आणि त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावून होडी पाण्यात ढकलली.